रिकामी हाक

"लेकरू समोर नसताना त्याच्या नावानं हाक मारू नये. आन् मारलीच, तर ओ घेतल्याबिगर सोडू नये. ओ न मिळालेली हाक माघारी येत न्हाई, पोरी. रानातच ऱ्हाती."

ठकूबाईनं हे सांगितलं तेव्हा तिची सून वृषाली आरशासमोर उभी राहून सासूच्याच ट्रंकेतलं जुनं लुगडं नेसायच्या खटपटीत होती. निऱ्या काही केल्या बसत नव्हत्या आणि न्यायला आलेली गाडी रस्त्यावर हॉर्न देत होती.

"आत्या, सिनेमा आहे तो," ती तोंडात पिन धरून म्हणाली. "मी हाक मारणार, ते कट म्हणणार, संपलं. ओ द्यायला तिथं कोण बसलंय?"

"तेच इचारते मी. कोण बसलंय?"

वृषाली हसली. खरं तर अशा गोष्टी हसण्यावारी नेणारी ती बाई नव्हे. बी.एस्सी. झालेली, पण आळे गावच्या मळ्यात लग्न होऊन आल्यापासून, त्यातून आरोही झाल्यापासून, तिला काळजी करायचं व्यसनच लागलं होतं. गॅसचं बटण दोनदा बघायची. सहा वर्षांच्या पोरीला अजून द्राक्षं उभी चिरून द्यायची. शाळेच्या फाटकातून पोर आत गेली तरी दप्तराचा लाल रंग दिसेनासा होईस्तोवर जागची हलायची नाही. वनखात्याचा नंबर तिनं मोबाइलमध्ये 'अअअ' असा सेव्ह केला होता, म्हणजे घाईत हुडकावा लागू नये. पण हाक, ओ आणि रान हे काही तिच्या यादीत नव्हतं. पोरीला थोडी सर्दी होती, म्हणून तिला आजीपाशी ठेवून वृषाली गाडीत बसली.

सिनेमाचं नाव होतं 'स्कूटीवर जकात'. जवळच्या आणे पठारावर प्लायवूडचा बाजार उभारला होता, सातशे वर्षांपूर्वीचा. पुण्यातली एक कॉलेजातली मुलगी स्कूटीवरून धुक्यात शिरते आणि बाहेर निघते ती थेट यादवांच्या काळातल्या आठवडे बाजारात. लोक आधी स्कूटीला हळद-कुंकू वाहतात, मग तिच्यावर जकात बसवतात. मुलगी एका वाजंत्र्याच्या प्रेमात पडते, सगळ्या बाजाराला नाचायला शिकवते, आणि शेवटी आजच्या काळातून आईची हाक ऐकू आल्यावर परत फिरते. नाच-गाण्याचा, हसवायचा सिनेमा. गर्दीत उभं राहायला आसपासच्या गावांतली माणसं घेतली होती.

बाजार खरा दिसावा म्हणून बायांनी घरून माळवं आणलं होतं. काय जुनं आणि काय नवं हे बघायला एक चष्मेवाल्या बाई ठेवलेल्या, त्यांनी पहिल्या झटक्यात टोमॅटो उचलायला लावले. मग मिरच्या.

"मिरचीबी?" शेजारच्या मळ्यातली साळुबाई पाटी धरूनच बसली.

"सातशे वर्षांपूर्वी आपल्याकडे मिरची नव्हती, मावशी."

"मिरची नव्हती? मग त्या काळच्या बायांना जावंसंगं भांडायला जोर कुठनं येत व्हता?"

सगळा मध्ययुगीन बाजार हसला. जकात घेणारा अधिकारी तर पगडी सावरत खालीच बसला.

हाकेचं काम दुपारी निघालं. नटीची हाक मुंबईत आधीच ध्वनिमुद्रित झाली होती, पण दिग्दर्शकाला ती आवडली नव्हती. म्हणे एसीत बसून मारल्यासारखी वाटते. म्हणून गावातल्या पाच आया निवडल्या. आवाजाचं काम बघणारा मुलगा इथलाच, खोडदचा, संघर्ष त्याचं नाव. त्यानं पाचही जणींना पठाराच्या कडेला उभं केलं. खाली उतार, वाळलेलं गवत आणि पार लांबपर्यंत कुणी नाही.

"ताई, गायचं नाही, अ‍ॅक्टिंग करायची नाही. रोज पोराला घरी बोलावता तसं बोलवा."

पहिल्या चौघींच्या हाका वाया गेल्या. त्यांची पोरं मागं बाजारातच खेळत होती, आईनं नाव घेतलं की तिकडून बेंबीच्या देठापासून "ओऽऽ!" यायचा आणि संघर्ष कपाळाला हात लावायचा. साळुबाईच्या नातवानं तर आईच्या हाकेला "काय गंऽऽ, खायला हाय का?" असं विचारून घेतलं.

राहिली वृषाली. तिची पोर घरी होती.

"आरोहीऽऽ... ए आरोही... ये गं घरी, ये!"

तीनदा घेतली. तिन्हीदा हाक उतारावरून खाली गेली आणि गेलीच. शेवटच्या वेळी मात्र तिला चमत्कारिक वाटलं. पाऊल टाकावं आणि खाली पायरीच नसावी, तसं. संघर्ष हेडफोन कानांवर दाबून उताराकडं बघत होता.

"खाली कुणी पोर आहे का?"

"नाही. का हो?"

"काही नाही," तो म्हणाला. "झकास झालंय, ताई."

गाणं दिवाळीत आलं आणि वणव्यासारखं पसरलं. आधी हलगीचा कडकडाट, मग एकदम शांतता, त्या शांततेत वृषालीची हाक, आणि पुन्हा हलगी. गिरणीत दळण घेऊन गेलं की पोरी तिला बघून "ये गं घरी, ये" म्हणायच्या. वृषालीनं ते स्टेटसला ठेवलं. नवऱ्यानं, समर्थनं, फोनची रिंगटोन केली. ठकूबाईनं ते एकदाच ऐकलं आणि शेवयांचं भांडं उचलून आत गेली.

त्याच सुमारास शिवारात बिबट्याची मादी दिसायला लागली, दोन पिल्लांसकट. वनखात्याची गाडी वस्त्यांवरून सांगत फिरली, एकटं जाऊ नका, हातात काठी ठेवा, मोबाइलवर मोठ्यानं गाणी लावा. गाणी म्हटल्यावर दुसरं कुठलं लावणार? सकाळी दूध घालायला जाणारा तेच लावायचा, मोटर चालू करायला जाणारा तेच. दिवसभर कुठल्या ना कुठल्या बांधावरून वृषाली आरोहीला घरी बोलवत असायची.

इथवर ठीक होतं. पण समर्थचा चुलतभाऊ सोपान एक पाऊल पुढं गेला. दोघांचा ऊस एकाला एक लागून. सोपानकडं रानडुकरं पळवायचे तीन भोंगे होते, वर सोलरची पाटी, खाली बॅटरी आणि पेन ड्राइव्ह. त्यात तो आधी कुत्र्यांचं भुंकणं वाजवायचा. डुकरं आठवड्यात सरावली. आता त्यानं गाण्यातला हलगीचा भाग काढून टाकला आणि नुसता हाकेचा तुकडा भरला. दर पाच मिनिटांनी.

वृषाली भाकरी थापत होती. परसामागच्या उसातून तिचाच आवाज आला, "आरोहीऽऽ... ए आरोही... ये गं घरी, ये!" तिचे हात काठवटीतच थांबले. थोड्या वेळानं विहिरीच्या बाजूनं आला. मग पार मधून.

ती तशीच पिठाच्या हातांनी बांधावर गेली. "भाऊजी, काढा ते."

"का वो वहिनी? साऱ्या महाराष्ट्रात वाजतंय, आपल्याच रानात लाज वाटती व्हय?"

"हलगी तरी ठेवायची होती."

"हलगीला कोण भितंय? बिबट्या भितो माणसाला. आन् बाईमाणसाच्या आवाजाला तर राव, आमी भितो, तो का न्हाई भिणार?"

दोन दिवस वाद घातल्यावर त्यानं भोंगे बंद केले. तिसऱ्या सकाळी त्याच्या ओट्यापुढं साखळी होती, साखळीला पट्टा होता, पट्ट्यात कुत्रं नव्हतं. भोंगे पुन्हा सुरू झाले, आणि समर्थही म्हणाला, "राहू दे गं. तोड येईपर्यंतचा प्रश्न आहे." घराभोवती उंच जाळी होती, फाटकाला कडी होती. वृषालीनं ऐकलं. तिला बिबट्याची भीती होती, आणि भीतीपुढं नुसता आवाज काय, असं तिनं स्वतःला समजावलं.

पण ती पोरीवर लक्ष ठेवून होती, आणि तिला दिसत होतं ते बरं नव्हतं.

पूर्वी दारातून हाक मारली की आरोही धावत यायची. आता ती आधी उसाकडं बघायची, मग घराकडं, आणि मधेच उभी राहायची.

"आई, आत्ता तू बोलावलंस?"

"हो ना. केव्हाची."

"घरातून का तिकडून?"

वृषालीनं तिला समोर बसवून नीट सांगितलं. तिकडं आई नसते, तिकडं डबा असतो. आईचं तोंड दिसलं तरच यायचं. आरोहीनं मान डोलावली. पण भोंगा वाजला की तिचे ओठ हलायचे, आवाज न करता, आणि तेही लगेच नाही. जरा थांबून. जेवायला बसल्यावर आपण दुसऱ्याचं वाढून होईस्तोवर थांबतो ना, तसं.

शनिवारची शाळा सकाळची. साडेअकराच्या सुमाराला आरोही जाळीच्या आत भातुकली मांडून बसली होती. लाइट आली म्हणून ठकूबाईनं आतून सांगितलं, "मोटर टाक गं, उसाला पाणी जाऊ दे." स्टार्टरची पेटी फाटकाबाहेर, वीस पावलांवर. वृषाली गेली, बटण दाबलं, पाइपातून पाणी उचलल्याचा आवाज येईपर्यंत थांबली आणि वळली.

फाटक उघडं होतं. कडी तिनंच लावली नव्हती का? लावली होती. बहुतेक लावली होती. भातुकलीत दोन ताटल्या वाढलेल्या होत्या. आरोहीच्या चपला उसाच्या कडेला, एकीशेजारी एक, नीट काढून ठेवलेल्या. कुणाच्या घरात शिरताना काढतात तशा.

"आरोहीऽऽ!"

आणि उसातून तिच्याच आवाजात आलं, "आरोहीऽऽ... ए आरोही..." ते संपायच्या आत विहिरीकडून. मग मधून. वृषालीनं पुन्हा मारलेली हाक त्या तिघींत अशी मिसळून गेली, की आपण नक्की कुठं उभ्या आहोत हे तिचं तिलाच कळेना. ती जितकं ओरडेल तितकी पोर आत जाणार होती. तिनं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबलं.

सोपान धावत आला. त्याच्यामागं साळुबाई, आणखी दोन-तीन माणसं.

"बंद करू का भोंगे?"

वृषाली उसाकडं बघत राहिली. चालू ठेवले तर पोर त्या आवाजामागं फिरत राहणार. बंद केले तर आत ती मादी, पिल्लांसकट, आणि तिला अडवायला काही नाही.

"वहिनी, बोला काय तरी!"

"बंद करा. तिन्ही. आणि कुणी तिचं नाव घेऊ नका." तिचा आवाज फाटला. "ताटं वाजवा. डबे वाजवा. तीन बाजूंनी उभे राहा, ओढ्याची बाजू मोकळी सोडा, म्हणजे जनावर तिकडून जाईल. तोंडानं एक अक्षर नको."

ठकूबाई दारात उभी होती. तिनं सुनेकडं बघितलं, आत गेली आणि परात घेऊन आली.

वृषाली उसात शिरली. बाहेर ताटांचा गदारोळ होता, पण दहा पावलांत तो घोंगडीखालून आल्यासारखा झाला. वर पात, खाली वाळल्या पानांचं पाचट, मधे अंधुक हिरवा उजेड. भर दुपारी दिवस कुठंतरी वरच राहिलेला. ती सरीतून वाकून चालत होती, आणि दर पावलाला हाक घशाशी येत होती. सहा वर्षं ज्या शब्दानं पोर तिच्याकडं यायची, तोच एक शब्द तिला आता तोंडातून काढता येत नव्हता.

मोटरचं पाणी सरीतून पुढं सरकत होतं, तिच्याबरोबरच. पाण्याच्या पुढची माती ओलसर होती आणि त्या मातीत पावलं होती. लहान, अनवाणी. पाच बोटं नीट उमटलेली. वृषालीनं हात टेकवून बघितलं, आरोहीचीच. आणि शेजारून आणखी एक जोडी. तीही तेवढीच. तीही अनवाणी. कुठं ही पुढं, कुठं ती, पण बरोबर चाललेली.

ती नीट बघायला खाली वाकली. तेवढ्यात पाणी आलं आणि दोन्ही भरून गेली.

मधल्या भोंग्यापाशी आरोही उकिडवी बसली होती. गुडघ्यांवर हात, तोंड बंद पडलेल्या भोंग्याकडं. वृषालीनं मागून जाऊन तिला उचललं तेव्हा पोर दचकली नाही. मान वळवून तिनं आईचा चेहरा बघितला, गालाला हात लावून बघितला.

"तू बोलव ना आता," ती म्हणाली.

"कशाला? मी आलेय ना."

"तू बोलावलंस की ती ओ देते. मग मी देते. रोज तीच आधी देते."

"कोण ती?"

"तिला कुणी बोलवत नाही गं. म्हणून ती माझ्या नावाला ओ देते."

वृषालीनं मागं बघितलं नाही. पोरीला छातीशी आवळून ती आल्या सरीनं पाण्यातून निघाली. पाचट मागं वाजत होतं. पाण्यानं वाजतं, वाऱ्यानं वाजतं, कशानंही वाजतं.

"कुठली आहे ती?" बांध दिसायला लागल्यावर तिनं विचारलं.

"बाजारात हरवली."

"कुठल्या बाजारात?"

"तिच्या. तिथं मिरच्या नसतात."

साळुबाईचा तो किस्सा सगळ्या मळ्याला तोंडपाठ होता, आरोहीनंही दहादा ऐकला असणार. वृषालीनं हे स्वतःला लगेच सांगितलं. त्या दिवशी तिनं स्वतःला बऱ्याच गोष्टी सांगितल्या. सोपानला मात्र सांगावं लागलं नाही. त्यानं तिन्ही भोंगे बांबूसकट उपटले आणि संध्याकाळच्या आत पिंजऱ्यासाठी वनखात्यात जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी वृषाली समर्थबरोबर खोडदला संघर्षकडं गेली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना शेतं, आणि शेतांच्या पलीकडं रेडिओ दुर्बिणीच्या त्या प्रचंड पांढऱ्या तबकड्या, सगळ्या एकाच दिशेला तोंड करून. संघर्षनं दार उघडलं आणि तिला बघून त्याचा चेहरा उतरला.

"ताई, मी तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं."

त्यानं लॅपटॉपवर मूळ ध्वनिमुद्रण लावलं. गाण्यात घ्यायच्या आधीचं, न कापलेलं. पठारावरचा वारा. कुणाची तरी खोकल्याची ढास. मग वाऱ्याच्या खालून, अगदी लांबून, बारीक आवाजात:

"ओ."

आणि त्यानंतर वृषालीची हाक. "आरोहीऽऽ..."

"हा ओ कुणाचा?" समर्थनं विचारलं. "कुणीतरी पोर असेल खाली."

"मलाही तसंच वाटलं, दादा. म्हणून कापून टाकला. पण ऐका." त्यानं दुसरी हाक लावली. आधी ओ, मग हाक. तिसरी लावली. आधी ओ, मग हाक. "कुणी पोर असती, तर हाक ऐकून ओ दिला असता. ही आधीच देतेय. तिन्ही वेळेला. ताईंनी तोंड उघडायच्या आत."

संघर्षचे वडील, जयवंत, खुर्चीत बसून ऐकत होते. उभी हयात त्यांनी त्या तबकड्यांच्या देखभालीत काढलेली. "आमच्याकडं वरून येतं ते लई जुनं असतं," ते सावकाश म्हणाले. "निघालेलं कधीचं, पोचतं आज. तारा मेलेला असतो, तरी आवाज येतो. त्याचं काय वाटत न्हाई. पण हाकेच्या आधी ओ, असं न्हाई ऐकलं, बाई."

"गाण्यात तो ओ नाही," वृषाली म्हणाली. "तुम्ही कापला. भोंग्यातही नव्हता. मग माझ्या पोरीला कसा ऐकू आला?"

संघर्षनं लॅपटॉप मिटला.

तिनं सिनेमावाल्यांना फोन केले, मेल केले. गाण्यातून हाक काढा म्हणाली. पलीकडचा माणूस फार गोड बोलत होता. ताई, लोकांना तोच भाग आवडतोय. ताई, तुमची सही आहे. ताई, आम्ही काढलं तरी ते आता सगळ्यांच्या फोनमध्ये आहे, कुठून कुठून काढणार?

हे शेवटचं खरं होतं. घरात ती आता आरोहीला हाक मारत नाही. पोर दिसली नाही की हातातलं टाकून उठते आणि जिथं असेल तिथं चालत जाते. दिवसातून चाळीसदा, पन्नासदा. ठकूबाईही तसंच करते, गुडघे दुखतात तरी. आरोही खेळते, खाते, शाळेत जाते. कधीमधी चारच्या सुमाराला गृहपाठाच्या वहीतून मान वर करते, जरा थांबते आणि ओठ हलवते. शिवारात भोंगा राहिलेला नाही.

परवा एका अनोळखी नंबरवरून फोन आला. वृषाली म्हणाली, "हॅलो, कोण बोलतंय?" आणि पलीकडं एकदम शांतता. मग एका बाईचा श्वास, मग रडू.

"ताई, तो आवाज तुमचाच ना? गाण्यातला?"

ती आंबेगाव तालुक्यातली होती, घोडेगावच्या अलीकडच्या एका वस्तीवरची. साक्षी नाव. गाण्याखाली संघर्षचं नाव वाचून तिनं नंबर मिळवला होता. तिच्या मुलीचं नाव आरोही. पाच वर्षांची.

"आमच्या उसात पण लावलेलं, ताई. पण त्या दिवशी भोंगा बंद होता, बॅटरी उतरलेली. मी स्वयंपाकघरात होते. पोरीचा आवाज येईना म्हणून हाक मारली, आतूनच. बाहेरून ओ आला. मी म्हटलं, आहे अंगणात. कुकर लावला. परत हाक मारली, परत ओ. दोनदा ओ आला, ताई, म्हणून मी बाहेरच गेले नाही. आणि पोर तेव्हा दोन शेतं सोडून विहिरीच्या काठाला. गुराख्यानं बघितली म्हणून." तिनं नाक ओढलं. "ती तिथं होती, तर मला ओ कोण देत होतं?"

आजवर तिला आपल्याच पोरीची भीती होती. आता तिच्या ध्यानात आलं, की तिच्या आवाजानं राज्यातल्या सगळ्या आरोहींना घराबाहेर बोलवायला सुरुवात केली आहे. आणि आरोही हे नाव तर आता दर वर्गात दोन-तीन असतं.

त्याच दुपारी तिनं लिहायला घेतलं. आधी मळ्याच्या ग्रुपवर टाकलं, मग शाळेच्या, मग जिथं जिथं जाईल तिथं. शब्द साधेच ठेवले, कारण लोक हसतील हे तिला माहीत होतं. तीही हसली होतीच की.

'नमस्कार. मी वृषाली. "स्कूटीवर जकात"मधल्या गाण्यात जी बाई आरोहीला घरी बोलावते, तो आवाज माझा आहे. गाणं तुमच्याकडं असेल. ठेवा किंवा काढा, त्यासाठी हे लिहीत नाही. तुमच्या घरात, गल्लीत, वस्तीवर, नात्यात आरोही नावाची एखादी लहान मुलगी असेल. हे वाचून झालं की फोन बाजूला ठेवा आणि ती कुठं आहे ते बघा. खेळत असेल, झोपली असेल, तर चांगलंच आहे, मला नावं ठेवा. पण बसल्या जागेवरून हाक मारू नका, आणि ओ आला म्हणून गप्प राहू नका. ओ कुणीही देतं. उठा, तिच्यापर्यंत चालत जा, आणि तिचा चेहरा बघून या.'